हातमागाचा टॉवेल: एक घ्याल तर महाग, आठ घ्याल तर रास्त

हातमागावर विणून घेतलेल्या टॉवेलचा भाव ऐकला की सूत महाग असणार, असे वाटते. प्रत्यक्षात सुताचा वाटा सर्वांत लहान असतो. खरा पैसा लागतो माग लावायला: ताणा (उभे धागे) मोजायचा, गुंडाळायचा, एकेक धागा शाफ्टच्या (धागे उचलणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि मग फणीतून ओवायचा. एक टॉवेल विणा की आठ, हे काम जवळपास तेवढेच.

हिशेब असा मांडा

चार शाफ्टचा माग, २/२० चे सुती सूत (किलोला सुमारे १७ किलोमीटर), ६० सेंटीमीटर पन्हा आणि सेंटीमीटरला १४ धागे धरले, तर ताण्यात ८४० धागे येतात. आटणे आणि काठाची शिवण धरून टॉवेलमागे ९० सेंटीमीटर ताणा लागतो. शिवाय मागाला बांधलेली टोके विणता येत नाहीत. त्यात साधारण ७५ सेंटीमीटर ताणा वाया जातो.

उदाहरणापुरते सूत किलोला ५०० रुपये, मजुरी दिवसाला ८०० रुपये, माग लावायला दोन दिवस आणि विणाई दिवसाला दोन टॉवेल धरू. तुमच्याकडचे दर घालून आकडे बदला.

- एकच टॉवेल: सूत १२६ ग्रॅम, ६३ रुपये; माग लावणे १,६००; विणाई ४००. एकूण २,०६३ रुपये.
- आठांपैकी प्रत्येक: सूत ९४ ग्रॅम, ४७ रुपये; माग लावणे २००; विणाई ४००. एकूण ६४७ रुपये.

काठ शिवणे, धुणे आणि विक्रेत्याचा नफा वेगळा.

खर्च कुठे वाचतो

- मागावर आधीचा ताणा असेल, तर त्याच्या टोकांना नवे धागे गाठता येतात आणि ओवणी वाचते. म्हणून आधी विचारा: सध्या मागावर किती पन्हा आहे, किती धागे आहेत? तेच माप चालवून घ्या.
- जास्त शाफ्टसाठी जास्त पैसे मोजण्याआधी थांबा. चार शाफ्ट १४ प्रकारे उचलता येतात, आठ शाफ्ट २५४ प्रकारे. साध्या पंच्याला दोन पुरतात. पाणी छान शोषणारी चौकड्यांची खोलगट वीण चारांवर होते.
- वेगळे टॉवेल हवेत? ताणा तोच ठेवून बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) रंग आणि पावड्या दाबण्याचा क्रम बदलायला सांगा.

पैसे देण्यापूर्वी

सांगितलेले माप धुण्याआधीचे की नंतरचे, हे लिहून घ्या. खोलगट वीण धुतल्यावर बरीच आटते. 'हातमाग' म्हणून विकत असतील, तर २००६ पासून दिले जाणारे हँडलूम मार्कचे लेबल पाहा. सोलापुरी टर्किश टॉवेलशी भावाची तुलना करू नका. तो यंत्रमागाचा माल आहे आणि त्याच्या फासांसाठी दुसरा ताणा लागतो.

घासाघीस मजुरीवर करू नका. मजुरी कापली की कारागीर माग सोडतो. शेजारी, भावंडे मिळून आठ-दहा टॉवेल एकाच ताण्यावर सांगा. तुमचा भाव उतरेल आणि विणकराची मजुरी शाबूत राहील.