कण्याची शस्त्रक्रिया आणि घरचे दिवस

पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेले मूल रुग्णालयातून घरी येते, तेव्हा घरातील माणसांना संकट टळल्यासारखे वाटते. ते बऱ्याच अंशी टळलेले असतेही. परंतु उपचार मात्र संपलेला नसतो. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. त्यानंतर हाड जुळण्याचे काम महिनोन्‌महिने चालते, आणि ते घरी चालते. तेथे ना परिचारिका असते ना घंटा. असते ती आई, आजी, धाकटे भावंड आणि त्या सर्वांची भीती.

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात वेलचेरी ही दाट वस्ती आहे. पूर्वी येथे तळी आणि भातशेती होती. आज इमारतींची गर्दी आहे. नोकरीनिमित्त आलेली निरनिराळ्या भाषांची कुटुंबे येथे राहतात, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशाच एखाद्या घरातील तेरा वर्षांच्या मुलीचे उदाहरण कल्पून पाहू. वाढीच्या वयात तिचा कणा एका बाजूस वाकू लागला. एक खांदा वर, एक खाली दिसू लागला. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळतो. बाक साधारणपणे ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला, की शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचा विचार करतात. मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना धातूच्या सळ्या जोडतात, कणा शक्य तितका सरळ करतात आणि मणक्यांच्या कडेने हाडाचे बारीक तुकडे पसरतात. सळ्या कणा धरून ठेवतात. पण कायमचा आधार देते ते या तुकड्यांतून तयार होणारे नवे हाड. ते पक्के होण्यास सहा महिने ते वर्षभर लागते.

गफलत होते ती येथेच. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. मूल हसू-बोलू लागते, घरभर फिरते. पाहणाऱ्यास वाटते, झाले बरे! आतले हाड मात्र अजून कच्चे असते. उलट, काही घरांत भीतीपोटी मुलाला पलंगावरून उतरूच देत नाहीत. पहिल्या चुकीने कण्यावर ताण येतो. दुसरीने स्नायू दुबळे होतात, फुप्फुसे नीट फुलत नाहीत, शौचाला त्रास होतो आणि मूल मनाने खचते. या दोहोंपैकी दुसरी चूक अधिक प्रेमळ दिसते, म्हणून ती अधिक काळ टिकते.

कण्याच्या रुग्णाला निजवूनच ठेवले पाहिजे, हा समज केवळ घरातील माणसांचा नव्हता. वैद्यकशास्त्रातही तो दीर्घकाळ रुजलेला होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात, पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूची सळी वापरण्यास आरंभ केला, आणि १९६२ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर मुलांना प्लास्टरच्या साच्यात अनेक महिने काढावे लागत. कण्याचा क्षय झालेल्या मुलांचे हाल तर याहून जुने. त्यांना आरोग्यधामात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, पाठीवर निजवून ठेवीत.

हा समज ढिला करण्यात चेन्नईचा मोठा वाटा आहे. १९५६ मध्ये शहरातील चेटपेट भागात क्षयरोगावरील औषधोपचारांच्या संशोधनासाठी एक केंद्र सुरू झाले. राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था हे त्याचेच वाढलेले रूप. फुप्फुसाच्या क्षयाचे काही रुग्ण आरोग्यधामात आणि काही त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांत ठेवून या केंद्राने दोन्हींची तुलना केली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधे नियमित घेतली, तर घरचा उपचारही तितकाच गुणकारी ठरतो. पुढे १९७० च्या दशकात कण्याच्या क्षयाचीही अशीच कसोटी झाली. काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करून औषधे दिली. इतरांना केवळ औषधे दिली आणि हिंडते-फिरते ठेवले. चालता न येण्याइतका लकवा असलेले रुग्ण या कसोटीत नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दहा वर्षांनंतर पाहता, सर्व गटांत शंभरापैकी नव्वद किंवा त्याहून अधिक रुग्णांची प्रकृती समाधानकारक आढळली. हिंडल्याने कणा मोडत नाही, हे या शहरातील साध्या घरांतूनच सिद्ध झाले.

मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी असते. त्यांचा कणा वाढत असतो. कोईमतूरचे शल्यचिकित्सक एस. राजशेखरन यांनी कण्याचा क्षय झालेल्या ६१ मुलांची पंधरा वर्षांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध केली. रोग बरा झाल्यावरही वाढीच्या वर्षांत काही मुलांचा बाक वाढत गेला, तर काहींचा आपोआप कमी झाला. स्कोलिओसिस हा निराळा विकार आहे. पण वाढत्या कण्यावर वाढ पूर्ण होईपर्यंत नजर ठेवावी लागते, हे तेथेही लागू पडते.

आता पुन्हा वेलचेरीतील त्या मुलीकडे वळू. सळ्या आणि स्क्रू यांच्या आधारामुळे आज शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच मुलाला उभे करतात. घरी आल्यावर तिने दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालावे, हेच तिचे औषध. टाळावयाच्या गोष्टी तीन : कमरेतून वाकणे, धड पिळणे आणि ओझे उचलणे. अंथरुणावरून उठताना आधी खांदे आणि कंबर एकदमच, ओंडका लोळवावा तसे, कुशीवर वळवावे. मग पाय पलंगाखाली सोडून हातांच्या रेट्याने उठून बसावे. पहिल्या दिवशी हे जमत नाही आणि मूल रडते. चौथ्या दिवशी ते आईचा हात बाजूला सारते. तो हात तिने खरोखर बाजूला घ्यावा.

आपल्या घरांची रचना या काळात आड येते. जेवण पाटावर, अभ्यास चटईवर, शौचकूप उकिडवे बसण्याचे. म्हणून मूल घरी येण्यापूर्वीच पाठ टेकता येईल अशी खुर्ची, गुडघ्याइतक्या उंचीचा पलंग आणि कमोडची खुर्ची यांची सोय करावी. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात. न्हाणीघरातील ओली फरशी घसरण्याचे पहिले ठिकाण; तेथे रबरी चटई हवी. वेदनाशामक औषधांनी शौचास कोंडते, म्हणून पाणी, ताक, पपई भरपूर द्यावी. डाळी, अंडी आणि शेवग्याचा पाला हाडांना व रक्ताला उपयोगी. चेन्नईच्या बाजारात हा पाला मुरुंगै कीरै या नावाने मिळतो.

घरी येणारी फिजिओथेरपिस्ट बहुधा तमिळ बोलणारी असते. ती विचारते, "वलिक्कुदा?" म्हणजे, "दुखतं का?" हा एक शब्द मुलीला पहिल्याच दिवशी शिकवावा, आणि तिने दिलेले उत्तर खरे मानावे. "एवढं काय दुखतं!" असे म्हणून वेदना कमी होत नाही, मूल फक्त सांगायचे थांबते. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगितले, तर या वयाचे मूल नेमके सांगू शकते. औषध डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर द्यावे. दुखणे असह्य होण्याची वाट पाहू नये. दुकानातून परस्पर दुसरी गोळी आणणे तर सर्वथा टाळावे.

काही लक्षणे दिसताच मात्र घरगुती शहाणपण बाजूला ठेवून रुग्णालय गाठले पाहिजे. १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, पोटरी सुजून दुखणे, पायांत नव्याने बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे. शेवटच्या दोन लक्षणांत सकाळ होण्याचीही वाट पाहू नये, कारण मज्जारज्जूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते.

वेलचेरीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, तो पावसाचा. येथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये या भागातील तळमजल्यांत पाणी शिरले आणि माणसांना नावांतून बाहेर काढावे लागले. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने पुन्हा तीच वेळ आणली. ताजी जखम घेऊन मूल गढूळ पाण्यातून जाऊ शकत नाही, आणि वीज गेली की उद्वाहकही बंद पडतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल आणि वेळ निवडण्याची मुभा असेल, तर उन्हाळ्याची सुटी बरी. मे महिन्याचा घाम त्रास देतो खरा. पण पंखा आणि सुती कपडे यांनी तो सुसह्य होतो. पुराला असा उपाय नाही.

सुटीत शस्त्रक्रिया झाली, तर शाळाही फारशी बुडत नाही. डॉक्टरांच्या संमतीने अनेक मुले चार ते सहा आठवड्यांत वर्गात परततात. दप्तर मात्र दुसऱ्याने उचलायचे. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी ठेवला, तर मैत्रिणीवरही भार पडत नाही. शिक्षकांना आधी भेटून, तिला मधूनमधून उठून चालू द्यावे, असे सांगून ठेवावे. कणा सरळ झाल्याने उंचीही थोडी वाढलेली असते. जुना गणवेश आखूड होतो, आणि आरशात दिसणाऱ्या नव्या आकृतीची सवय व्हायला वेळ लागतो. पाठीवरच्या लांब व्रणाविषयी वर्गात कोणी विचारले, तर काय सांगायचे आणि किती सांगायचे, हे आईने नव्हे, मुलीने ठरवायचे असते.

धावणे, उड्या आणि खेळ यांना परवानगी मिळते ती क्ष-किरण चित्रात नवे हाड दिसू लागल्यावर. तोवर सहा महिने, कधी वर्ष उलटलेले असते. त्या चित्रात सळ्यांच्या कडेने धूसर पांढरी रेघ दिसते. डॉक्टर ती प्रथम मुलीला दाखवतात, मग आईवडिलांना.