भट्टीच्या घरातलं विणकाम

कोलकात्यात थंडी ती काय असणार, असं विट्याहून आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो. जानेवारीत इथला पारा पहाटे साधारण १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, हे खरंच. पण आमच्या खानापूर तालुक्यातली कोरडी थंडी घटकाभर उन्हात बसलं की पळते. इथली दमट थंडी धुकं आणि धूर घेऊन येते आणि अरुंद गल्लीत ऊन उतरेपर्यंत हाडांतून हलत नाही. डिसेंबर लागला की शेजारचे बंगाली काका मंकी टोपी चढवतात. त्यांना हसणारी गावाकडची पोरं आठवड्याभरात माझ्याकडे येतात, ‘वहिनी, तसलीच एक टोपी विणून द्या.’

आम्ही गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी सांगली जिल्ह्यातली माणसं देशभर पांगली, त्यातलंच आमचं एक घर, बडाबाजारातलं. खाली दुकान आणि भट्टी, वर आम्ही. सासूबाईंच्या पायमोज्यांपासून कामाच्या पोरांच्या मफलरांपर्यंत सगळं माझ्या सुयांवर. शिवाय ओळखीच्यांच्या ऑर्डरी. दुपारी मागचं आवरलं की मुलं शाळेतून यायच्या आत चार ओळी होतात.

एका जानेवारीत मूस उचलायला वाकलेल्या पोराच्या मफलरचं लोंबतं टोक भट्टीच्या तोंडाशी गेलं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तेव्हा त्या धगीची कल्पना करा. मफलर पेटला, आणि पेटता पेटता वितळला. तो चिकट गोळा त्याच्या मनगटाला बसला. दुकानदाराने शुद्ध लोकर म्हणून दिलेला धागा निव्वळ ॲक्रिलिक होता. धाकट्या भाऊजींनी पोराचा हात लगेच नळाच्या धारेखाली धरला आणि वीस मिनिटं तिथून हलू दिला नाही. चिकटलेला गोळा ओढायचा नाही, तो डॉक्टरच काढतील, यावर ते ठाम राहिले. तसंच करावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काहीही लावू नये. पोराचा हात बरा झाला, डाग मात्र राहिला.

तेव्हापासून नवा धागा जाळून पाहिल्याशिवाय मी टाके घालत नाही. बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि काडी लावायची. खरी लोकर नाखुशीने जळते, काडी बाजूला केली की बहुतेक विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. लेबलवरचं ‘वूल’ वाचून निर्धास्त होऊ नका. ॲक्रिलिक वाईट असतं असं नव्हे. स्वस्त, धुवायला सोपं, टोचत नाही. शाळेच्या मुलांना, फिरायला जाणाऱ्यांना मीही तेच देते. पण भट्टीजवळ, गॅसच्या शेगडीजवळ, शेकोटीजवळ वावरणाऱ्याच्या अंगावर ते नको. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईची शालही यातच आली, हे आपण विसरतो.

खरी लोकर घेतली तरी लोंबतं टोक धोक्याचंच. म्हणून मी मफलर सोडून बंद गळपट्टा विणायला लागले. डोक्यावरून घालायचा, गळ्याशी बसणारा, पदर नसलेला. वीण दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणून डोक्यावरून उतरतो आणि पुन्हा गळ्याला धरतो. त्याआधी दहा सेंटिमीटरचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून टाके मोजा. माझ्या हाताला ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुईवर त्यात २० टाके बसतात. मग ४६ सेंटिमीटर घेराला ९२, आणि ९२ ला चाराने भाग जातो, म्हणून वीण जुळते. तुमचा हात घट्ट असेल तर आकडा बदलेल. नवख्या मुली १० नंबरची सुई जाड समजून घेतात. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.

तेजाबाचंही सांगते, कारण गलाईवाल्यांच्या घरात ते असतंच. शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब लोकरीवर पडला की पिवळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही आणि तिथला धागा पुढे तुटतो. तेव्हा दुकानातल्या माणसासाठी फिकट रंग निवडा. मळ दिसतो म्हणून आपण गडद घेतो, पण फिकटावर डाग लगेच दिसतो आणि गळपट्टा वेळीच बदलता येतो. रंग ठरला की लागेल तेवढी लोकर एकाच लॉटची, एकदम घ्या.

बाळांच्या टोप्यांना मी लांब नाड्या, मणी, सुटणारी बटणं लावत नाही. जाऊबाईंनी हौसेने गोंडा मागितला तरी नाही. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवूच नये. ती तोंडावर घसरते, आणि बाळाच्या अंगातली जास्तीची ऊब डोक्यावाटेच निघत असते.

फेब्रुवारीत सगळं कोमट पाण्यात, न चोळता धुवा. गरम पाण्यात चोळलेली लोकर आटते आणि नमद्यासारखी होते. पुरती वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोलकात्याच्या पावसाळ्यात कसर मळक्या कपड्यावर आधी येते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात, कावीळ वाढते, आणि ती कमतरता तपासल्याखेरीज कळत नाही.

ऑर्डर घेताना रंगाआधी मी विचारते, घालणारा माणूस दिवसभर कुठं उभा असतो? ‘भट्टीपुढं’ म्हटलं तर मफलर विणून देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे. बंद गळपट्टा, खऱ्या लोकरीचा, थोडा महाग. पटलं तर दिवाळीनंतर लगेच सांगावं, कारण इथली थंडी सरस्वतीपूजेपर्यंत ओसरायला लागते आणि मग विणलेलं वर्षभर डब्यात पडून राहतं.