सहीच्या सातबाऱ्याची पारख

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तलाठ्याची शाईची सही व शिक्का पाहून व्यवहार करण्याची आपली जुनी वहिवाट आहे. सन 2018 पासून महाराष्ट्र सरकारनें संगणकीय सहीचा उतारा देण्यास आरंभ केला, आणि आतां 15 रुपये भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून तो घरबसल्या काढतां येतो. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु जमीन विकत घेणारा वा तारणावर रक्कम देणारा गृहस्थ समोरच्यानें धाडलेला उतारा उघडतो, कोपऱ्यांतील हिरवी खूण पाहतो, आणि तेवढ्यानें त्याचें समाधान होतें. ती खूण नुसतें चित्र म्हणून कोणासही उठवितां येते.

ही सही म्हणजे चित्र नव्हे. उताऱ्यांतील सर्व मजकुरावरून संगणक ठराविक लांबीचा एक आंकडा काढतो. मजकुरांत एका गुंठ्याचा फरक झाला, तरी हा आंकडा पार बदलतो. सही करणारा आपल्या गुप्त किल्लीनें त्या आंकड्यावर मोहोर करतो. तिची जोडकिल्ली जाहीर असते, व तिच्या योगें कोणासही मोहोर तपासतां येते. सन 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस हातच्या सहीची योग्यता दिली आहे.

जाहीर किल्ली अमक्याचीच, हें कोणी सांगावें? त्यासाठीं परवाना असलेल्या प्रमाणन संस्था दाखला देतात, आणि त्या संस्थांस केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाचा दाखला असतो. वंशावळीप्रमाणें ही सांखळी मूळपुरुषापर्यंत जाते. मूळ दाखल्याचें नांव 'सीसीए इंडिया' व पुढें सन, असें असतें.

आतां प्रत्यक्ष तपासणी. पीडीएफ फाइल मूळ स्वरूपांतच मागवावी. छापील प्रतींत किंवा छायाचित्रांत ही सही उरत नाहीं. ती संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्यें उघडावी, कारण ब्राउझरमध्यें बहुधा सही तपासलीच जात नाहीं. पुष्कळदां तेथें प्रश्नचिन्ह दिसतें. त्यावरून उतारा खोटा असें समजूं नये. आपल्या संगणकास मूळ दाखला ओळखीचा नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

घात होतो तो येथेंच. पुष्कळ ठिकाणीं असा उपाय सांगतात कीं, सहीवर टिचकी मारून तिचा दाखला 'विश्वासू' म्हणून नोंदवावा, म्हणजे हिरवी खूण येते. येते खरी, पण ठकानें अधिकाऱ्याच्या नांवाचा दाखला स्वतःच घडविला असेल, तर त्यालाही तशीच येईल. चोराच्याच साक्षीवर चोरास सोडण्यासारखें हें झालें. म्हणून सहीच्या तपशिलांत दाखला उघडून सांखळी माथ्यापर्यंत पाहावी. माथ्यावर 'सीसीए इंडिया' असलें, तरी नांवावर न भुलतां त्या दाखल्याचा ठसा, म्हणजे अंकाक्षरांची लांब ओळ, नियंत्रकाच्या संकेतस्थळावरील ठशाशीं ताडावा. जुळल्यास तेवढा मूळ दाखलाच विश्वासू म्हणून नोंदवावा, मधला कोणताही नव्हे. सही केल्यानंतर मजकूर बदलला, असा इशारा आल्यास त्या उताऱ्यावर एक पैसाही देऊं नये.

हा खटाटोप ज्यांस जड वाटेल, त्यांनीं उताऱ्यावरील 16 अंकी पडताळणी क्रमांक महाभूमीच्या स्थळीं घालावा, आणि तेथें उघडणारा उतारा हातच्या प्रतीशीं गट क्रमांक, क्षेत्र, नांवें व इतर हक्कांचा रकाना असा ओळीनें ताडावा. छापील प्रतीस तर हाच मार्ग. मात्र स्थळाचा पत्ता स्वतः लिहावा. प्रतीवरील क्यूआर चौकोनावर विसंबूं नये, कारण ठक आपल्या स्थळाचा चौकोनही छापूं शकतो.

सही खरी असणें निराळें व उतारा ताजा असणें निराळें. गेल्या वर्षींच्या उताऱ्याची सही आजही खरीच ठरते, मग मधल्या काळांत जमीन विकली गेली असो वा तिजवर बोजा चढला असो. सबब उताऱ्यावरील दिनांक पाहावा, इसार देण्यापूर्वीं आपल्या हातानें नवा उतारा काढावा, आणि त्या गटावर कांहीं फेरफार प्रलंबित आहे काय, हें महाभूमीच्या 'आपली चावडी' या फलकावर पाहून घ्यावें.