पेशींच्या वाढीचा संदेश व त्याचे नियंत्रण

मानवी शरीरातील पेशी स्वैरपणे विभागत नाहीत. जखम भरून काढावयाची असो वा झिजलेल्या पेशींची जागा घ्यावयाची असो, त्यासाठी बाहेरून वाढीचा संदेश यावा लागतो. पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिने तो स्वीकारतात आणि आतील प्रथिनांची साखळी तो केंद्रकापर्यंत पोहोचविते. या साखळीतील ‘कायनेझ’ नावाची प्रथिने एटीपी या ऊर्जावाहक रेणूतील फॉस्फेट गट घेऊन तो दुसऱ्या प्रथिनास जोडतात व त्यास कार्यप्रवृत्त करतात. पुढे अन्य प्रथिने हा गट काढून टाकतात आणि संदेश थांबतो. हे थांबणे बिघडले, की वाढ अनावर होते.

रक्ताच्या एका चिरकारी कर्करोगात ही गोष्ट स्पष्ट दिसते. या रोगात अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ साली शिकागो येथील जॅनेट राउली यांनी त्याचे कारण दाखविले: ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. त्यामुळे दोन जनुके जोडली जाऊन ‘बीसीआर-एबीएल’ हे विकृत कायनेझ तयार होते. ते बाहेरील संदेशाची वाट न पाहता अखंड कार्य करीत राहते.

या कायनेझाच्या ज्या खाचेत एटीपी बसते, तीच खाच इमॅटिनिब हे औषध अडविते. ब्रायन ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली रुग्णांवर त्याची चाचणी सुरू केली. जुन्या औषधाचा उपयोग न झालेल्या ज्या ५४ रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा दिली, त्यांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. २००१ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांतच प्राण घेणारा हा रोग आता पुष्कळ रुग्णांत रोजच्या गोळीने दीर्घकाळ काबूत राहतो.

तथापि कर्कपेशीही बदलतात. कायनेझाच्या जनुकात नवा फेरफार झाल्यास औषध खाचेत नीट बसत नाही. म्हणून डॅसॅटिनिबसारखी पुढील औषधे शोधावी लागली. शिवाय अनेक कर्करोगांत एकाच वेळी कित्येक संदेशमार्ग बिघडलेले असतात व एक वाट अडविली तरी पेशी दुसरी शोधते. यास्तव रुग्णाच्या पेशीत नेमका कोणता संदेश बिघडला आहे, हे प्रथम ओळखणे हाच अशा उपचारांचा पाया होय.