योगायोग की परमेश्वराची योजना?

मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आला की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यातील माणसे पहाटेच जंगलाची वाट धरतात. आणि मग एक गोष्ट दरवर्षी कोणत्या ना कोणत्या अंगणात ऐकायला मिळते. कोणाच्या तरी लेकराला रात्री ताप भरला म्हणून ती बाई त्या दिवशी घरी राहिली आणि ज्या झाडाखाली ती रोज मोह वेचायची, नेमका तिथेच त्या सकाळी वाघ बसलेला होता. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. ती बाई म्हणते, "देवानं वाचवलं." आपणही मान डोलावतो.

तिचे म्हणणे खोटे आहे असे कोण म्हणेल? परंतु त्याच श्वासात दुसरा प्रश्न उभा राहतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांच्या घरी त्या सकाळी कोणाला ताप का आला नाही? एकीच्या घरचा ताप ही देवाची योजना म्हणायची, तर दुसरीच्या घरी ताप आला नाही, त्याला काय म्हणायचे? प्रिय बंधुभगिनींनो, योगायोगाविषयी बोलायचे तर या प्रश्नाला वळसा घालून चालणार नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले तो विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, पण मनात बाळगतात.

प्रथम साधा हिशोब पाहू. एका वर्गात २३ मुले आहेत. त्यांपैकी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतील, फारच कमी. वर्षाचे दिवस ३६५ आणि मुले अवघी २३! प्रत्यक्षात ती शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे, कारण २३ मुलांच्या जोड्या २५३ होतात आणि प्रत्येक जोडी ही एक संधी असते. आपण मुले मोजतो, जोड्या मोजत नाही. आयुष्यातही तसेच होते. आठवण काढली आणि तो माणूस दारात उभा राहिला, हे आपण वर्षभर सांगतो. आठवण काढली आणि कोणीच आले नाही, असे शेकडो दिवस आपण विसरून जातो. म्हणून पुष्कळसे योगायोग हे निव्वळ योगायोगच असतात, आणि हे मान्य केल्याने श्रद्धेला काही बाध येत नाही. उलट मोबाईलवर "हा निरोप दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल" असे येते, तेव्हा हा हिशोब आठवला तर बरे! दहा हजार जणांना निरोप गेला की त्या संध्याकाळी कोणाला तरी चांगली बातमी कळणारच.

तरीही काही योगायोग मनातून जात नाहीत. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी या विषयावर आयुष्यभर विचार केला आणि १९५२ साली त्यावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ते एक प्रसंग सांगतात. एक स्त्री त्यांच्याकडे उपचारासाठी येत असे. ती हुशार होती, पण मनाची दारे घट्ट बंद करून बसलेली. एके दिवशी ती आपले स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला सोन्याचा भुंगा भेट मिळाला होता. तेवढ्यात बाहेरून खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंग यांनी खिडकी उघडली, आत आलेला किडा पकडला. तो सोनेरी-हिरवट रंगाचा भुंगाच होता! त्यांनी तो तिच्या हाती दिला, आणि त्या दिवसापासून तिचे मन मोकळे होऊ लागले. जिथे एक घटना दुसरीचे कारण नसते, तरी दोन्ही मिळून माणसाला काही अर्थ सांगतात, अशा योगायोगांच्या मागे विश्वातील एखादी खोल व्यवस्था असावी असे युंग यांना वाटले. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलेले नाही, कारण अशा गोष्टीची कसोटी कशी लावणार? भुंगे संध्याकाळी उजेडाकडे झेपावतातच. मला मात्र त्या गोष्टीतील भुंग्यापेक्षा ती स्त्री अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यात काही बदलले, म्हणून तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. रूथचे पुस्तक लहानसे आहे, चारच अध्यायांचे. परक्या देशातील ही विधवा सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि पोटासाठी शेतात सरवा वेचायला जाते. धानाची कापणी झाल्यावर बांधीत पडून राहिलेल्या लोंब्या वेचणारी माणसे आपल्याकडेही दिसतात, त्यामुळे हे दृश्य आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. रूथ ज्या शेतात शिरली ते नेमके बवाजचे निघाले. तो तिच्या सासऱ्याच्या नात्यातला (रूथ २:३). लेखकाने येथे देवाचे नाव घेतलेले नाही. मूळ हिब्रू भाषेत तर योगायोग हाच शब्द दोनदा, क्रियापद आणि नाम म्हणून, वापरला आहे. जणू लेखक गालातल्या गालात हसतो आहे! कारण पुस्तक संपता संपता वाचकाला कळते की या रूथच्या वंशात दावीद राजा जन्मला, आणि संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले. रूथला त्या सकाळी यातले काहीही ठाऊक नव्हते. तिला भूक ठाऊक होती आणि सासू घरी वाट पाहते आहे हे ठाऊक होते.

मग हा योगायोग होता की योजना? तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस याचे उत्तर एका दाखल्याने देतात. एक धनी आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी पाठवतो, पण एकाला दुसऱ्याविषयी काही सांगत नाही. दोघे तेथे भेटतात आणि म्हणतात, काय योगायोग! त्यांच्या दृष्टीने तो खरोखर योगायोग आहे. धन्याच्या दृष्टीने नाही.

आपण हा दाखला नागभीडच्या स्टेशनावर उभे राहून समजून घेऊ शकतो. आपले गाव जंक्शन. गोंदियाकडची गाडी येते, बल्लारशाकडची येते. नोव्हेंबर २०१९ पर्यंत नागपूरहून येणारी छोट्या लाईनची गाडीही होती, तिच्या आठवणी अजून पुष्कळांजवळ आहेत. दोन गाड्यांतून उतरलेले दोन जुने मित्र फलाटावर समोरासमोर येतात, गळ्यात पडतात. त्यांना एकमेकांची कल्पना नव्हती, पण दोन्ही गाड्यांचे वेळापत्रक कोणीतरी बसवलेले होते. दाखला येथपर्यंत चांगला चालतो, त्यापुढे ताणू नये. वेळापत्रक त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावत नाही. एखादा मान फिरवून निघूनही जाऊ शकतो. 'कॅथोलिक धर्मशिक्षण' हा ग्रंथ ईश्वरी योजनेविषयी सांगताना (क्र. ३०६ ते ३०८) हाच मुद्दा मांडतो. देव आपल्या निर्मितीलाच आपल्या कार्यात सहभागी करून घेतो, आणि माणसाला तर त्याच्या स्वातंत्र्यासह.

रेल्वेतील असाच एक योगायोग मराठी ख्रिस्ती माणसाने विसरू नये असा आहे. साल १८९३. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या वेळी नागभीडला रेल्वे आलेली नव्हती, पण त्यांची गाडी ज्या गोंदियावरून गेली, त्याच गोंदियाहून आज आपल्याकडे गाडी येते. डब्यात त्यांना एक अनोळखी मिशनरी भेटला. कवितेवरून बोलणे निघाले, मग धर्मावर आले. उतरताना त्याने टिळकांना बायबल दिले आणि वाचण्याचा आग्रह केला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते काही खरे वाटले नाही. तरी वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून त्यांनी वाचायला घेतले. आरंभी मन रमेना. पुढे ते मत्तयच्या पाचव्या अध्यायापर्यंत, डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे त्यांचे पाऊल अडले ते अडलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रॉटेस्टंट मंडळीत गेले, पण त्यांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाहीत.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी आगगाडीपाशी थांबतो. ते अर्धवट आहे. टिळक त्याआधी कित्येक वर्षे धर्माचा शोध घेत होते, जातिभेदाविषयी त्यांचे मन अस्वस्थ होते. त्या काळी डब्याडब्यांतून पुस्तके वाटणारे मिशनरी काही थोडे नव्हते, आणि ती पुस्तके घेऊन पुढच्या स्टेशनावर विसरणारेही पुष्कळ असतील. बी पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच असते, जमीन वेगवेगळी. आणि आणखी एक. त्याच घटनेने लक्ष्मीबाई टिळकांचा संसार उन्मळून पडला. पतीच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर कशी कोसळली आणि पुढची विरहाची वर्षे कशी गेली, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो त्यांच्या स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या अनुभवाने. पतीच्या आगगाडीतील भेट ही देवाची योजना होती, असे १८९५ साली लक्ष्मीबाईंना कोणी ऐकवले असते, तर ते क्रूरपणाचे झाले असते. स्वतःच्या आयुष्यातील खूण माणसाने स्वतः ओळखावी. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण परस्पर लावू नये.

संत ऑगस्टीनच्या बाबतीतही असेच दिसते. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातील बागेत ते रडत बसले असता शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज आला, उचल आणि वाच. त्यांनी पौलाची पत्रे उघडली, रोमकरांस पत्रातील १३ व्या अध्यायाच्या ओळी डोळ्यांसमोर आल्या, आणि त्यांचे आयुष्य पालटले. एवढे घडल्यावर त्यांनी सर्वांना सांगायला हवे होते की बायबल कोठेही उघडा आणि उत्तर मिळवा! पण पुढे बिशप झाल्यावर एका पत्रात शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेणाऱ्यांविषयी लिहिताना ते म्हणतात की भूतपिशाचांकडे जाण्यापेक्षा हे बरे, तरी प्रपंचातल्या कामांसाठी देवाचे वचन असे वापरणे मला आवडत नाही. ज्यांना स्वतःला तो अनुभव आला, त्यांचे हे मत आहे. आपल्याकडे पाल चुकचुकली, मांजर आडवे गेले की पाऊल थबकते, आणि काही घरांत बायबलचाही तसाच उपयोग होतो. शकुन पाहण्याची ही सवय 'कॅथोलिक धर्मशिक्षण' (क्र. २११६) स्पष्ट शब्दांत नाकारते. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली हे खरे (प्रेषितांची कृत्ये १:२६). परंतु ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्याच पुस्तकात पुन्हा कोठेही चिठ्ठ्या टाकलेल्या दिसत नाहीत. त्यानंतर ते एकत्र प्रार्थना करतात, चर्चा करतात, कधी भांडतात आणि मग निर्णय घेतात.

आता जंगलातील त्या प्रश्नाकडे परत जाऊ. प्रभू येशूसमोर हा प्रश्न आला होता. सिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती (लूक १३:१-५). लोकांना वाटे, ज्यांच्यावर बुरूज पडला ते इतरांपेक्षा अधिक पापी असावेत. प्रभूने ते साफ नाकारले. ती अठरा माणसे यरुशलेमेतील इतर कोणाहून अधिक दोषी नव्हती. मग त्यांच्यावरच बुरूज का पडला? याचे उत्तर प्रभू देत नाही. तो ऐकणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या जीवनाकडे वळवतो. म्हणजे जिच्या लेकराला ताप आला, तिने गुडघे टेकून आभार मानावेत, तो तिचा अधिकार आहे. परंतु तिने किंवा आपण कोणी त्या आभारातून असा हिशोब काढू नये की जी परतली नाही तिच्याकडे देवाचे लक्ष नव्हते. चिमण्यांविषयी बोलताना प्रभूने असे म्हटले नाही की चिमणी जमिनीवर पडणार नाही. पडते तेव्हाही पिता तिथे असतो, असे त्याचे सांगणे आहे (मत्तय १०:२९). हे मानणे सोपे नाही. ज्या घरी तेरवी होऊन गेली आहे, तेथे ते बोलून दाखवण्याआधी दहा वेळा विचार करावा. पुष्कळदा शेजारी बसून राहणे, धान रोवणीला त्या घरची बांधी आधी लावून देणे, हेच आपल्या हातात असते.

योगायोग हा शब्द स्वतः प्रभूच्या तोंडी एकदाच येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो सांगतो की एक याजक त्या वाटेने योगायोगाने चालला होता (लूक १०:३१). ग्रीक मूळ ग्रंथात या ठिकाणी आलेला शब्द संपूर्ण नव्या करारात दुसरीकडे कोठेही नाही. याजक योगायोगाने आला, लेवी आला, शोमरोनीही आला. जखमी माणूस तिघांच्याही वाटेत होता. वेळ साधारण तीच, रस्ता तोच. पहिल्या दोघांच्या बाबतीत तो योगायोग योगायोगच राहिला.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी रूथचा दुसरा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की तुम्ही या गावी कसे आलात, लग्न कसे जुळले, कोणाच्या एका शब्दाने कोणते काम मिळाले. आणि मुलांपैकी कोणी विचारले की आपण त्या दिवशी दुसऱ्या गाडीने आलो असतो तर काय झाले असते, तर त्याला गप्प करू नये.