आवाज स्टिअरिंगमध्ये, दोष पाट्यात

जुन्या ट्रकच्या पुढून येणारा आवाज ऐकू येतो एका ठिकाणी आणि निघतो भलत्याच ठिकाणाहून. ही गोष्ट प्रत्येक मिस्त्री सांगतो, पण स्पेअर पार्टची यादी लिहिताना बहुतेकांना तिचा विसर पडतो. माझ्या गाडीचं नेमकं तेच झालं. ज्यांची गाडी जुनी आहे आणि ज्यांना रोज घाट उतरायचा असतो, त्यांच्यासाठी ही हकीकत आणि तिच्यातून निघालेली तपासणीची पद्धत सांगतो.

गाडी टाटा 1613. सहाचाकी, मालासकट सोळा टनांच्या घरातली, वापरलेली घेतलेली. लासलगावचा कांदा वाशीला टाकायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा, हा तिचा धंदा. एका पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की पुढून ‘खट्’ असा एकच ठोका यायला लागला. ब्रेक सोडून गाडी पुढे निघाली की दुसरा. ठोका कानाला लागायचाच, पण स्टिअरिंगवरच्या हातालाही लागायचा. त्यामुळे दोष स्टिअरिंगचाच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

गॅरेजवाल्याने सीटवर बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं आणि सांगितलं, टाय रॉड एंड गेलेत. ते बदलले. मग ड्रॅगलिंक बदलली. मग दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश निघाले. प्रत्येक कामानंतर आवाज थोडे दिवस दबायचा, कारण कामाच्या निमित्ताने सगळीकडे ताजं ग्रीस जायचं. ग्रीस सरलं की ठोका परत हजर. शेवटी स्टिअरिंग बॉक्स उघडायचं ठरलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

बॉक्स उघडायच्या आधीच कसारा घाटात निकाल लागला. भरलेली गाडी उतारावर होती, पुढच्याने अचानक ब्रेक मारला म्हणून मीही दाबला, आणि स्टिअरिंग हातातून झटका देऊन फिरलं. गाडी उजवीकडे ओढली गेली. वेग कमी होता, गिअर खालचा होता, म्हणून सावरली. घाट उतरून खर्डीच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि एका पाटेवाल्याला बोलावलं.

त्याने आधी पाना हातात घेतलाच नाही. बॅटरी लावून उजव्या बाजूच्या पाट्याखाली वाकला आणि जिथे यू बोल्ट पाट्यांना अॅक्सलवर आवळून धरतात, तिथे बोट फिरवलं. बोटाला विटकरी रंगाची बारीक भुकटी लागली. डाव्या बाजूला त्याच जागी नुसतं काळं, चिकट ग्रीस आणि धूळ. “लोखंड लोखंडावर घासतंय, मालक,” तो म्हणाला. मग टेप काढला. पाट्याच्या पुढच्या पिनपासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेतलं. उजवीकडचं माप बोटभर जास्त भरलं. यू बोल्ट ढिले झाले होते, सेंटर बोल्टचं डोकं तुटलं होतं आणि अॅक्सल पाट्याखाली मागे सरकला होता.

आता ठोका स्टिअरिंगमध्ये का जाणवत होता ते पाहा. स्टिअरिंग बॉक्स चासीला बसवलेला असतो आणि चाकं अॅक्सलला. दोघांना जोडते ती ड्रॅगलिंक, आणि ती आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे असते. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. अॅक्सल पाट्यांना घट्ट आवळलेला असेल तर तो जागचा हलत नाही. ढिला असेल तर तो मागे सरकतो, ड्रॅगलिंकला हिसका बसतो आणि तो ड्रॉप आर्म, बॉक्स, कॉलम अशा वाटेने थेट हातात येतो. शिवाय अॅक्सलची एक बाजू मागे गेली की पुढची दोन्ही चाकं त्याच बाजूला तोंड करतात, म्हणून गाडी ओढते. सेंटर बोल्टचं काम पाटे आणि अॅक्सल जागेवर बसवण्यापुरतं असतं. धरून ठेवते ती यू बोल्टांची पकड. पकड गेली की सगळा मार त्या एकट्या बोल्टवर येतो आणि तो कापला जातो.

आवाज कधी येतो, ते आधी ठरवा

गॅरेजात जाण्यापूर्वी आवाज नक्की कधी येतो ते कागदावर लिहा. गाडी उभी असताना की चालू? ब्रेकला, खड्ड्यात की वळणावर? रिकामी असताना की भरलेली असताना? यावरून निम्मं निदान होतं.

ब्रेक दाबताना एक ठोका आणि सोडून निघताना दुसरा असेल, तर संशय यू बोल्ट, सेंटर बोल्ट, पाट्याचे पिन-बुश आणि शॅकलवर घ्या. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवताना दिशा बदलली की ‘टक्’ होत असेल, तर कॉलमचा यूजे क्रॉस, ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंकचे बॉल आणि बॉक्सचे चासीवरचे बोल्ट बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्रकर्र वाजतं, स्टिअरिंग जड लागतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, तेव्हा किंगपिन किंवा त्याखालचं थ्रस्ट बेअरिंग कोरडं पडलेलं असतं.

बारीक खडखड फक्त खराब रस्त्यावर येत असेल तर शॉकअपचे रबर बुश, पाट्यांच्या क्लिपा आणि केबिनचे माउंटिंग बघा. केबिनचं रबर गेलं की आवाज असा येतो की माणूस हमखास अॅक्सलच उघडायला घेतो. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ अशी घरघर, आणि वळणावर भार एका बाजूला गेला की कमी-जास्त होणारी, ही चाकाच्या बेअरिंगची खूण. पॉवर स्टिअरिंगची गाडी पूर्ण वळवल्यावर किंचाळत असेल तर तेलाची टाकी उघडून पातळी बघा. तेलाला फेस आला असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून तसंच ताणून धरू नका, पंप तापतो.

कानाने नाही, हाताने

पुढची तपासणी दोन माणसांची आहे आणि तिला जेमतेम अर्धा तास लागतो. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे.

पहिली तपासणी चाकं जमिनीवर असताना. एकाने स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे, चाकं हलायला लागतील इतकंच हलवत राहायचं. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं लागतं. दुसऱ्याने बाजूने बघत वरून खाली यायचं: कॉलमचा जोड, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. ज्या जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे प्ले आहे. बॉक्स स्वतःच चासीवर हलताना दिसला तर आतलं काही उघडायच्या आधी त्याचे बोल्ट आणि चासीला तडा गेलाय का ते बघा. टाय रॉड एंडचा प्ले हातानेच दाबून बघावा. काही फिटर पाइप पाना लावून जोड दाबतात आणि हललेला दाखवतात. तेवढ्या जोराने आतली स्प्रिंग दबते आणि चांगला जोडही हलल्यासारखा वाटतो.

दुसरी तपासणी अॅक्सल उचलून. नुसत्या जॅकवर विसंबू नका, अॅक्सलखाली मजबूत स्टँड लावा, आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. हललं तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष हबच्या बेअरिंगचा. तरीही हललं तर किंगपिनचा. ही एक युक्ती माहीत असती, तर माझे दोन्ही किंगपिन आधी तपासले गेले असते आणि मगच बदलायचे की नाही ते ठरलं असतं. नंतर चाक 3 आणि 9 वर धरून हलवा. तिथे हललं तर टाय रॉड आणि लिंक पुन्हा बघा. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघा. उभा प्ले लागला तर थ्रस्ट बेअरिंग किंवा त्यावरच्या शिमा झिजल्या आहेत.

तिसरी तपासणी नुसत्या नजरेची, आणि तीच बहुतेक जण टाळतात. यू बोल्टच्या प्लेटभोवती, नटांखाली, पाट्यांच्या मधल्या जागेत विटकरी भुकटी किंवा चकचकीत घासलेलं लोखंड दिसतंय का? पाट्यांचे थर एकावर एक सरळ आहेत की एखादा पाटा बाहेर सरकलाय? टेपने दोन्ही बाजूंची मापं जुळतात का? टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर चाकांचा टो बिघडला आहे.

मिस्त्रीला हे करू देऊ नका

ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंक, टाय रॉड, स्टब अॅक्सल यातल्या कशालाही वेल्डिंग नको आणि गॅसने तापवून सरळ करणंही नको. वाकलेला भाग बदलायचाच. ताप लागलेलं पोलाद वरून सरळ दिसतं आणि भर घाटात तुटतं.

स्टिअरिंगचा प्ले कमी करायला बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक उपाय आहे. जुना बॉक्स मध्यावर जास्त झिजलेला असतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर स्टिअरिंग अडकतं आणि परत येत नाही. आधी सगळ्या लिंक तपासा, बॉक्सला हात शेवटी.

खाचा असलेल्या नटाचं भोक स्प्लिट पिनला जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. पिन प्रत्येक वेळी नवी. काढलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे टाकताना चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळून घ्या. टाय रॉडला हात लागला की अलाइनमेंट करूनच गाडी धंद्याला लावा, नाहीतर पुढची टायरं खाल्ली जातात.

ग्रीस मारताना किंगपिनसाठी अॅक्सल उचलून घ्या, म्हणजे भाराने दाबलेल्या बाजूलाही ग्रीस शिरतं. निपलमधून जुनं, काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारायचं. गाडी प्रेशरने धुतली किंवा पाण्यातून काढली की ग्रीसिंग पुन्हा करायचं. पण ग्रीसने आवाज गेला म्हणजे झीज भरून निघाली असं समजू नका. आवाज गेल्यावरही प्ले हाताने बघा.

नियम आणि त्याची मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम सांगतो की स्टिअरिंग व्हीलवरचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जोडांना रबरी टोप्या असाव्यात आणि जोडांचे बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. तीस अंश म्हणजे घड्याळात बारा ते एक. अर्धा मीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर कडेला ते तेरा सेंटीमीटर भरतं. ही शेवटची हद्द आहे, चांगल्या गाडीचं माप नव्हे. आणि माझ्या गाडीसारखा दोष या मापात सापडत नाही, कारण यू बोल्ट ढिला असला तरी उभ्या गाडीत स्टिअरिंगचा प्ले नेहमीसारखाच लागतो. फिटनेस झालं म्हणून पाट्यांकडे बघायचं सोडू नका.

मिस्त्रीला एकच अट घाला: भाग बदलण्याआधी त्यातला प्ले माझ्या हाताला दाखव. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी काढून घ्या.

ब्रेकला गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग अडकत असेल, एखाद्या बॉल जोडाचा नट फिरलेला दिसत असेल किंवा दोन बाजूंची मापं जुळत नसतील, तर गाडी तिथेच उभी करा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा. आणि यू बोल्ट नवे टाकले असतील तर पहिली भरलेली खेप झाली, की पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत ते पुन्हा आवळून घ्या. हे काम तासाभराचं आहे. पुढच्या घाटाआधी उरकून टाका.