अन्नाकडे पाहण्याचा धडा

पवित्र कुरआनच्या 80व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह ‘अबस’मध्ये, माणसाने आपल्या अन्नाकडे पाहावे अशी आज्ञा आली आहे (आयत 24 ते 32). येथे आज्ञा खाण्याची नाही, पाहण्याची आहे. कसे पाहावे तेही पुढे क्रमाने सांगितले आहे. आधी वरून ओतले जाणारे पाणी, मग दुभंगणारी जमीन, मग धान्य, द्राक्षे, भाजी, जैतून, खजूर, दाट बागा, फळे आणि चारा. हे सारे तुमच्यासाठी आणि तुमच्या जनावरांसाठी आहे, असे सांगून हा भाग संपतो.

आता आपल्या घरातील दस्तरखान पाहा. मूल जेवत नाही म्हणून त्याच्यासमोर मोबाईल ठेवला जातो. नजर पडद्यावर खिळली की आई एकेक घास तोंडात भरवते. पोट भरते, परंतु आपण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले, हे त्या मुलाला कळत नाही. जेवण वाढलेले असताना नमाजची इकामत झाली, तर आधी जेवून घ्यावे, अशी शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. मन अन्नात आणि शरीर नमाजमध्ये अशी ओढाताण होऊ नये, हे त्याचे कारण विद्वानांनी सांगितले आहे. ज्या जेवणासाठी नमाजलाही थोडे थांबवले, त्या जेवणात मोबाईलला जागा द्यावी काय?

शहापूर-मुरबाडच्या मुलांना जैतून आणि खजूर बाजारातच भेटतात. पाणी, जमीन, धान्य हा क्रम मात्र त्यांच्या घराच्या मागच्या दारी चालू असतो. उन्हाळ्यात राब भाजला जातो, पहिल्या पावसावर त्यात भात पेरले जाते, मग चिखलणी करून लावणी होते. दिवाळीच्या सुमारास कापणी आणि नंतर झोडणी. त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा येतो. ताटातील मूठभर भातामागे एवढे महिने उभे असतात. मुलाला एकदा लावणीच्या दिवशी बांधावर न्यावे आणि त्या रात्री जेवताना फक्त एवढेच विचारावे, ‘आज पाहिलेस ते रोप कोठपर्यंत आले असेल?’ सूरह ‘अबस’ समजावून सांगण्याचा याहून सोपा मार्ग निदान मला तरी दिसत नाही. पाण्याचेही तसेच आहे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातील. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. आणि त्याच तालुक्यातील कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अर्धा पेला पाणी ओतून देणाऱ्या मुलाला रागावण्याआधी ही हकिकत ठाऊक करून द्यावी.

मुलांना जेवण शिकवण्याची पद्धत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातून स्पष्ट दिसते. उम्मे सलमा (रजि.) यांचे पुत्र उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या छत्रछायेत वाढले. एकत्र जेवताना त्यांचा हात थाळीभर फिरत असे. प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने खाण्यास आणि आपल्या समोरून घेण्यास सांगितले. तीनच गोष्टी, त्याही प्रेमाने हाक मारून आणि त्याच थाळीत जेवताना सांगितलेल्या! पुढे आयुष्यभर आपण तसेच जेवत राहिलो, असे उमर (रजि.) स्वतः सांगतात. वडील वेगळे, मुले वेगळी आणि आई सर्वांत शेवटी उभ्या उभ्या जेवत असेल, तर हा धडा कोणी कोणाला द्यावा? दिवसातून एक वेळ तरी सर्वांनी एका दस्तरखानावर बसावे.

येथे एक प्रश्न नेहमी निघतो. अन्न वाया घालवू नये हे खरे, मग मुलाला ताट संपवण्याची सक्ती करावी काय? माझ्या मते सक्तीची गरज मोठ्यांच्या वाढण्यातून निर्माण होते. आपल्या भुकेच्या मापाने मुलाचे ताट भरायचे आणि मग उरले म्हणून रागवायचे, हा न्याय नव्हे. थोडे वाढावे, मुलाला पुन्हा मागू द्यावे. मागून घेतलेले मात्र संपवायचे, ही सवय त्याला सहज लागते. जेवणापूर्वी तासाभरात पाच-दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट हाती दिले असेल, तर भूक नसल्याचा दोषही त्याचा नाही.

आवडीनिवडीबाबतही सुन्नत फार उदार आहे. प्रेषितांसमोर एकदा भाजलेली घोरपडीसारखी एक पाल ठेवली गेली. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले; आपल्या लोकांच्या भूमीत ती नसते म्हणून मन घेत नाही, एवढेच कारण दिले. खालिद (रजि.) यांनी ती खाल्ली. प्रेषितांनी अन्नाला कधी नाव ठेवले नाही, असे अबू हुरैरा (रजि.) सांगतात. तेव्हा कारल्याची भाजी नको म्हणण्याची मुलाला मोकळीक आहे, ‘शी!’ म्हणण्याची नाही. आणि वडीलधाऱ्यांनी आमटीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवायचे, हे तर मुळीच चालणार नाही, कारण मुले ते पाहत असतात.

पाहण्याची आज्ञा आपल्या ताटाच्या काठाशी थांबत नाही. या दोन्ही तालुक्यांतील कातकरी व ठाकूर पाड्यांवर बालकांचे कुपोषण आजही आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे लेकरांसह वीटभट्ट्यांवर जातात. आपल्या खाचरात लावणी करणारे हात बहुधा त्यांचेच असतात. रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, असे प्रेषितांनी अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. हा शेजारी कोण, याचे उत्तर अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरात मिळते. त्यांच्याकडे बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला काय, हे ते घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. असा वाटा पोहोचवण्याचे काम घरातील मुलाकडे द्यावे. तो जेवायला बसण्यापूर्वी वाटी पोहोचलेली असावी, आणि आदल्या दिवसाचे उरलेले नव्हे, त्याच दिवशी त्याच भांड्यातून काढलेले अन्न त्या वाटीत असावे.